देव्हारा हलवण्याचा खर्च

तीन लाख हा आकडा मी ठरवला नव्हता. बारा वर्षं दर महिन्याला थोडेथोडे टाकत वाढवलेली ठेव मुदत संपून खात्यात जमा झाली, तेव्हा ती व्याजासकट तीन लाखांच्या जराशी वर गेली होती. वरच्या पैशांत आईचा नवा चष्मा आणि माझी एक साडी बसली. उरले ते बरोबर तीन लाख. त्यांचं काय करायचं, हे मला बारा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. मला घरात संडास हवा होता.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. लालबाग संपता संपता आणि परळ सुरू व्हायच्या आधी जी चाळ लागते, तिच्या दुसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. भाऊ लग्नानंतर कल्याणला गेला. राहिलो मी आणि आई. मी चौपन्न वर्षांची, लग्न न केलेली, आई ब्याऐंशीची. बाहेरची खोली, आतली स्वयंपाकाची खोली, तिच्या कोपऱ्यात तीन बाय तीनची मोरी. बाकी सगळं गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांचं मिळून.

मला त्याची सवय होती. लहानपणी टमरेल घेऊन जायचे, मोठेपणी बादली घेऊन. पण भावाच्या दोन्ही मुली फ्लॅटमध्ये जन्मल्या. त्या आमच्याकडे सकाळी येत, जेवत, आजीच्या मांडीवर लोळत, आणि संध्याकाळ झाली की चुळबुळ करायला लागत. थोरली एकदा स्पष्टच म्हणाली, आत्या, तूच ये ना आमच्याकडे. मला तिचा राग आला नाही. तिला काय नको होतं ते मला कळलं, आणि घरी एक दिवस त्या दोघी राहतील अशी सोय करायची, हे मी मनाशी धरलं.

मी एका कंपनीच्या ऑफिसात खर्चाच्या विभागात आहे. कुणी कितीही मागितलं तरी त्यातलं किती द्यायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे स्वतःच्या घराचं अंदाजपत्रक करायला बसले तेव्हा मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम. एक नवी वही आणली, पट्टीने रकाने आखले.

आईचा विरोध पहिल्या पानावरच सुरू झाला. ती मालवणकडची. साठ वर्षं मुंबईत काढून तिची भाषा तसूभर हललेली नाही. ती म्हणाली, "जंय रांधतव थंय संडास? माका चलाचा नाय." मी तिला मधे भिंत येईल, दार येईल, पंखा येईल, असं सगळं सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि बादली उचलून गॅलरीतून चालायला लागली. तो तिचा अर्ध्या तासाचा फेरा असे. जाताना चार दारांत थांबायचं, येताना उरलेल्यांत.

शेजारच्यांचं म्हणणं वेगळं होतं. चाळ पाडून टॉवर होणार आहे, तर कशाला पैसे घालवतेस? मी पंधरा वर्षं त्या टॉवरच्या मीटिंगांना जाऊन बसले आहे. तिथल्या खुर्च्या बदलल्या, चहावाला बदलला, टॉवर काही जमिनीतून वर आला नाही. मी मिस्त्रींना फोन केला.

हे मिस्त्री शेजारच्या चाळीत काम करत होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. आले, खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि मोरीची भिंत जागोजागी वाजवून पाहिली. मग त्यांनी सांगितलं की मोरीच्या जागेत संडास आणि न्हाणी दोन्ही बसणार नाही. स्वयंपाकाच्या खोलीत अडीच फूट पुढे यावं लागेल. दोन दिवसांनी त्यांनी खर्चाचा कागद आणून दिला. संडास-न्हाणी, त्यातलं वॉटरप्रूफिंग, टाइल्स, भांडं, दार मिळून एक लाख दहा हजार. मागच्या घरगल्लीतून परांची बांधून खालच्या चेंबरपर्यंत पाइप उतरवायचा, पासष्ट हजार. ओटा पंचेचाळीस, वायरिंग चाळीस, दोन्ही खोल्यांची फरशी सत्तर, रंग पस्तीस, पोटमाळ्याची दुरुस्ती तीस. बेरीज तीन लाख पंच्याण्णव हजार.

ऑफिसात अशा कागदावर मी लाल पेन चालवते. इथे पेन उचलवेना. प्रत्येक रकान्यामागे काहीतरी उभं होतं. शेवटी फरशी काढली, कारण आहे ती जुनी फरशी उन्हाळ्यात थंडगार लागते आणि मला आवडते. पोटमाळा काढला, कारण तिथे वर्षातून एकदाच कुणी चढतं. राहिले दोन लाख पंच्याण्णव. उरलेल्या पाच हजारांसमोर मी 'अनपेक्षित खर्च' असं लिहिलं. मिस्त्रींनी तो रकाना वाचला आणि त्यांच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं.

"ताई, जुन्या घराचं अनपेक्षित पाच हजारांत मावत नाही," ते म्हणाले.

घरमालकाच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथल्या माणसाने पालिकेच्या कागदांची यादी दिली आणि वर सांगितलं की तुमच्या बरोबर खाली जे राहतात त्यांची लेखी संमती आणा, त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. मला ही सगळ्यांत सोपी गोष्ट वाटली. खाली काका-काकू राहत होते. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून त्यांच्या घरात वावरलेली. काका पूर्वी बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फलक, मंडळांचे कापडी बॅनर. लालबागपासून दादरपर्यंतच्या निम्म्या पाट्यांवर त्यांचं अक्षर होतं. छापील फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला. आता ते पंचाहत्तरीचे होते, काकू बहात्तरच्या. दोन्ही मुलं विरारला.

रविवारी सकाळी मी कागद घेऊन खाली गेले. काकांनी चष्मा लावून अर्ज वाचला, त्याला जोडलेला मिस्त्रींचा नकाशा उभा-आडवा करून पाहिला आणि उठून आत गेले. मी मागोमाग गेले. स्वयंपाकाच्या खोलीत, मोरीला लागून, त्यांचा देव्हारा होता. सागवानी, छोट्या कळसाचा. काकांनी मान वर करून छताकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"बाय, तुझा संडास माझ्या देवांच्या डोक्यावर येतो," ते म्हणाले. "मी सही करू शकत नाही."

आवाज चढलेला नव्हता. तसा चढला असता तर मी भांडले असते. त्यांनी मला चहाही दिला. मी कागद तसाच वर घेऊन आले आणि दुपारभर टेप घेऊन स्वयंपाकघर मोजत बसले. भांडं डावीकडे सरकवलं तर दार उघडत नव्हतं, उजवीकडे सरकवलं तर ओटा जात होता. कसंही फिरवलं तरी ते अडीच फूट बरोबर देव्हाऱ्यावरच येत होते. आई बाजूला बसून तांदूळ निवडत होती. तिला बरं वाटत होतं हे मला दिसत होतं.

चार दिवस मी त्यावर विचार केला. काकांचं म्हणणं मला पटो न पटो, ते त्यांचे देव होते आणि ते त्यांचं घर होतं. माझ्या सोयीसाठी त्यांना काही सोसावं लागणार असेल तर तो माझ्या कामाचा खर्च झाला. ऑफिसात मी हेच सांगत आले आहे, की ज्याच्यामुळे खर्च निघतो त्याच्या खात्यात तो टाका. मी वही उघडली आणि नवा रकाना केला. 'खालच्या मजल्यावरचा देव्हारा हलवणे.' सुताराला विचारलं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर नवी बैठक, दिव्याची सोय, खाली कप्पा, वर कळसासह जुना देव्हारा नीट बसवून देणं, सगळ्याचे मिळून बारा हजार. अनपेक्षितचे पाच तिथेच गेले, उरलेले सात मी रंगातून काढले. पुन्हा बरोबर तीन लाख. मिस्त्रींना दाखवलं तर त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. तीस वर्षांत असं कलम आपण लिहिलं नाही, असं म्हणाले.

पुढच्या रविवारी मी वही घेऊनच खाली गेले. काका बाहेर खुर्चीत, काकू आत मोरीपाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. मी काकांना सांगितलं की देव्हारा बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला घेऊ या, खर्च सगळा माझा, तुम्ही म्हणाल तो मुहूर्त. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की देव असे आपल्या सोयीने हलवायचे नसतात, पस्तीस वर्षं ते तिथे आहेत.

आतून काकूंचा आवाज आला. त्यांनी हातातलं काम थांबवलं नव्हतं.

"टीव्ही आणलात तेव्हा देव आत नेलेत. तेव्हा कोणाची सही घेतली होतीत?"

काकांची नजर टीव्हीकडे गेली. मलाही ते आठवलं. मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला होता आणि त्यासाठी भिंतभर शोकेस केलं होतं. त्या आधी देव बाहेरच्याच खोलीत होते, पूर्वेच्याच भिंतीला.

काकू हात धुऊन बाहेर आल्या. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. खुर्चीत टेकल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता काकांना म्हणाल्या, "देव हलतील. माझे गुडघे हलत नाहीत."

मग त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. तुझा पाइप माझ्या खिडकीवरूनच खाली जाणार ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याला माझंही एक तोंड काढता येईल का, हे मिस्त्रीला विचार, म्हणाल्या. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. देव बाहेर गेले की मोरीलगतची ती जागा मोकळी होणार. तिथेच, माझ्या संडासाच्या बरोबर खाली, त्यांचा संडास. म्हणजे माझं कुणाच्या डोक्यावर काही येणार नव्हतं. ही गोष्ट त्या किती दिवस मनात ठेवून होत्या कुणास ठाऊक. टोकापर्यंत जाऊन यायला त्यांना वीस मिनिटं लागत आणि वाटेत दोनदा कठड्याला टेकावं लागे, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच मोठ्याने सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई काही मागत नाही, असा काकांचा समज होता.

त्यांनी पेन मागितलं. सही केली. बोर्ड रंगवणाऱ्याची सही, शेवटच्या अक्षराला लांब वळसा देणारी. मग एवढंच म्हणाले, टीव्ही कुठे जाईल? मी सांगितलं, आताचे टीव्ही भिंतीला टांगतात. शोकेस नाही लागत.

मिस्त्रींनी हिशेब केला. पाइपाचा खरा खर्च परांचीचा होता. ती एकदा बांधली की एका घराचं काम काय आणि दोन घरांचं काय. दोन्ही मिळून पंच्याहत्तर हजार. काकांच्या मुलांनी विरारहून पैसे पाठवले आणि पाइपाचे निम्मे निम्मे झाले. माझ्या वहीत पासष्टच्या जागी साडेसदतीस आलं. सत्तावीस हजार पाचशे रुपये मोकळे झाले. ऑफिसात मला कधी एवढी बचत दाखवता आलेली नाही. मी ते सगळे अनपेक्षितच्या रकान्यात टाकले आणि दोन-तीनदा वही उघडून तो आकडा बघितला.

जानेवारीत काम सुरू झालं. त्याआधी एका गुरुवारी सकाळी काकूंनी देव परातीत घेतले, वर रेशमी खण घातला आणि आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणले. दहा पावलांचा रस्ता. त्यासाठी माझी आई नऊवारी नेसून खाली गेली होती. घरात संडास चालणार नाही म्हणणारी आई काकूंच्या पुढे पाण्याची धार धरत चालली.

दोन्ही स्वयंपाकाच्या खोल्या एकदम फोडाव्या लागल्या. मग जेवायचं कुठे? आमच्या बाहेरच्या खोलीत एक गॅस मांडला, खाली त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक. पण खाली देव नुकतेच नव्या जागी बसवले होते, तिथे इतक्यात मासे नकोत असं काका म्हणाले. तेव्हा ठरलं की भाजी-वरण खाली, मासे वर. दीड महिना आम्ही चौघं एकत्र जेवलो. सोमवारी-गुरुवारी मी ऑफिसातून आले की खालीच थांबायचे. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी काका जिन्यावरून वर येताना सोलकढीचा वास घेत यायचे. काकूंना जिना चढणं जमत नव्हतं, म्हणून त्यांचं ताट आई झाकून खाली घेऊन जायची आणि तिथेच अर्धा तास बोलत बसायची. माशांचा खर्च मी वहीत लिहिला नाही. खरं तर तो लिहायला हवा होता, कारण आई आणि काकूंच्या मधे सुरमई किती जाड कापायची यावरून जी चढाओढ लागली होती, तिने माझा फेब्रुवारीचा पगार बराच हलका केला.

अनपेक्षित आलं ते तिसऱ्या आठवड्यात. ऑफिसात असताना मिस्त्रींचा फोन आला, संध्याकाळी लवकर या म्हणाले. आमच्या स्वयंपाकाच्या खोलीची जमीन उकरल्यावर खालची लाकडी तुळई उघडी पडली होती. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून तिचं एक टोक भुसभुशीत झालं होतं. मिस्त्रींनी त्यात नुसतं बोट घातलं आणि ते आत गेलं. काकाही वर येऊन ते पाहत उभे होते. आमची जमीन तेच त्यांचं छत. मिस्त्री म्हणाले की हे आत्ता दिसलं हे नशीब समजा. दोन लोखंडी गर्डर टाकावे लागतील. शेहेचाळीस हजार.

मी घमेल्यावर बसले. मन आपोआप बेरजा-वजाबाक्या करत होतं. वाचलेले सत्तावीस हजार पाचशे गेले. वर साडेअठरा हजार लागत होते. रंगाला ठेवलेल्या अठ्ठावीस हजारांतून ते काढले तर रंगाला साडेनऊ हजार राहत होते. साडेनऊ हजारांत दोन खोल्या रंगवून देणारा माणूस मुंबईत नाही. काका म्हणाले की गर्डरचे निम्मे मी देतो. मी नको म्हटलं. पाणी आमच्या मोरीचं होतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं की आता कमी कुठे करणार. मी सांगितलं, रंग राहू दे. पुढच्या वर्षी बघू.

"साडेनऊ हजारांत रंग येतो," काका म्हणाले. "रंगाऱ्याची मजुरी धरू नकोस."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलले. पण गर्डर बसले, संडास-न्हाणीच्या टाइल्स लागल्या, ओटा झाला, मिस्त्री आपलं सामान उचलून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका दारात उभे होते. अंगात रंगाचे जुने डाग पडलेला सदरा, हातात ब्रशांची पिशवी. वीस वर्षं त्यांनी ते ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. शिडीवर चढू देणार नाही, ही माझी अट. त्यावर त्यांनी ठरवलं, खांद्याच्या खालचं सगळं ते करणार, खांद्याच्या वरचं मी. मी ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली. एवढ्या वर्षांत इतकी सलग रजा मी प्रथमच घेत होते. कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलं.

रंग कुठला, हा प्रश्न निघाला. मी पांढराच म्हणणार होते, त्यात खर्च कमी आणि भानगड नाही. काकांनी आईला विचारलं. तिने पटकन उत्तर दिलं, जणू कुणी विचारेल याची ती वाट बघत होती. "तरव्यासारखो हिरवो," ती म्हणाली.

तरवा म्हणजे भाताची कोवळी रोपं. लावणीच्या आधी वाफ्यात दाटीने उगवतात ती. आई लग्न होऊन मुंबईला आली ती बावीस वर्षांची, त्यानंतर तरवा तिने क्वचितच पाहिला असेल. मी दुकानातून रंगांचं छापील पुस्तक आणते म्हटलं. काका म्हणाले, पुस्तकात तो मिळायचा नाही. पांढरा रंग, पिवळं, हिरवं आणि चिमूटभर निळं, एवढं आण.

त्यांनी पितळी वाटीत रंग कालवला आणि भिंतीवर हाताएवढा पट्टा ओढला. आई समोर स्टुलावर बसली होती. तिने बघितलं आणि मान हलवली. ह्यो तर केळीच्या पानाचो. काकांनी पिवळं वाढवलं. दुसरा पट्टा. आता म्हणाली, ह्यो सुकत आलेलो. तिसऱ्याला तिने बराच वेळ लावला, डोळे बारीक केले, उठून जवळ गेली. वाळू दे म्हणाली. तासाभराने वाळल्यावर पाहिलं आणि अजून थोडं पांढरं घालायला सांगितलं. काका कोकणातलेच. त्यांनी वाद घातला नाही, कारण ती काय शोधतेय ते त्यांनाही माहीत होतं. पाचव्या पट्ट्याला आई उठून भिंतीपाशी गेली. तिने भिंतीवर तळहात ठेवला. ओला रंग तिच्या हाताला लागला आणि ती तशीच हसत उभी राहिली.

मग आठ दिवस आम्ही रंगवलं. वर मी, खाली काका. माझा हात सरळ जात नव्हता, काकांचा ब्रश एकदा भिंतीला लागला की मधे थांबत नसे. शेवटच्या दिवशी त्यांनी कमरेच्या उंचीवर तपकिरी रंगाची बोटभर जाड रेघ मारली. दोन्ही खोल्यांच्या चारी भिंतींवरून, पट्टी न लावता, दोरी न धरता. रेघ ओढताना ते श्वास रोखत. आम्हीही रोखत असू. गॅलरीतून येणारी-जाणारी माणसं दारात थांबून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं की काका, हात अजून तसाच आहे. त्या संध्याकाळी काका जेवायला बसले तेव्हा दोन वाट्या सोलकढी जास्त प्यायले.

खर्च तीन लाख एकोणीसशे रुपयांवर थांबला. वरचे एकोणीसशे म्हणजे नळाची एक चावी जास्त घ्यावी लागली आणि एक आरसा. आरसा अंदाजपत्रकात नव्हता. तो मी दुकानात पाहिला आणि घेतला. ऑफिसात अशा खरेदीला मी मंजुरी देत नाही.

काकूंचा संडास आमच्या आधी चार दिवस सुरू झाला. पहिल्या सकाळी त्यांनी खालून हाक मारून मला बोलावलं. मी घाबरून धावत गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर चहा. काही झालं नव्हतं. दोन मिनिटांत जाऊन आले, एवढंच त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं.

आई मात्र आठ दिवस बादली घेऊन गॅलरीतूनच जात राहिली. मी आग्रह केला नाही. नवव्या दिवशी सकाळी उठले तर तिचं अंथरूण रिकामं आणि न्हाणीघराचं दार आतून बंद. मी बाहेर दात घासायचा ब्रश हातात घेऊन उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून काही आवाज नाही. काळजी वाटून मी दार वाजवलं. आई आतून शांतपणे म्हणाली, "थांब गो. घाई कित्याक?" आणि मला उभ्या जागी हसू फुटलं.

मे महिन्यात भाच्या आल्या त्या पिशव्या भरून आल्या. अकरा दिवस राहिल्या. धाकटी त्या तपकिरी रेघेवरून बोट फिरवत घरभर चालायची. थोरलीला काकूंनी तिसरे, म्हणजे शिंपले, भरायला शिकवलं. जाताना ती म्हणाली की दिवाळीतही येऊ का. मी म्हटलं, बघू, आणि तोंड वळवून पिशवीची चेन लावत बसले.

त्यानंतर माझी वही घरात राहिलेली नाही. आधी तिसऱ्या मजल्यावरचे घेऊन गेले, मग समोरच्या चाळीतले. तिच्या फोटोकॉपी काढून कुणी कुणाला दिल्या याचा मला पत्ता नाही. आता रविवारी सकाळी कुणी ना कुणी मिस्त्रींचा कागद घेऊन आमच्याकडे येतं आणि मी लाल पेन घेऊन बसते. काल आमच्याच मजल्यावरचं एक नवं जोडपं आलं होतं. हातात दोन लाख, आणि ऑगस्टमध्ये बाळ. नवऱ्याला छताला दिव्यांच्या माळा हव्या होत्या, बायकोला बाळाच्या कपड्यांसाठी धुण्याची मोठी जागा. मी दिवे खोडले. तो जरा हिरमुसला, ती खूश झाली. मग मी एकूण रकमेचा दहावा भाग अनपेक्षितसाठी बाजूला काढून ठेवला आणि त्यात हात घालायचा नाही असं दोघांनाही बजावलं. वॉटरप्रूफिंगचा दर त्यांच्याकडून चढा मागितलेला दिसतोय, मिस्त्रींशी बोलायला हवं. दोघं उद्या खोलीची मापं घेऊन पुन्हा येणार आहेत. आईने त्यांच्यासाठी घावण्यांचे तांदूळ आत्ताच भिजत घातले आहेत.